आत फळं आहेत

आक्का,

तुमचं कार्य उरकलं. पाहुणे गेले, मांडव निघाला, तुमचा प्रशांतही परत दुबईला गेला. भावजी दिवसभर पडवीत बसून असतात. कुणी आलं की उठून उभं राहतात आणि ते माणूस गेल्यावरही थोडा वेळ तसेच उभे असतात.

मला सगळे म्हणतात, सुनंदा, तू दोन शब्द लिही. जावा जावा असून तुम्ही दोघी बहिणींसारख्या राहिलात, तुलाच लिहिता येईल. मी बसते लिहायला. तुमचं माहेर, तुमचे कष्ट, तुमचा हात कसा सढळ होता, हे लिहावं म्हणते. पण त्या सगळ्याच्या आधी माझंच एक वाक्य येऊन उभं राहतं. अख्ख्या गुंजी गावानं ते ऐकलं. तुम्ही तिथंच होता, पडवीत चटईवर, अंगावर हिरवं लुगडं, कपाळाला मळवट. फक्त तुम्हीच ते ऐकलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

पण तिथवर यायला मला थोडं मागं जावं लागेल.

माझं ऑफिस बंद पडलं तेव्हाची गोष्ट. मी बेळगावात खासबागेतल्या घरात बसून होते. हे कामावर जायचे, मुलगी कॉलेजला, आणि मी दुपारी सुद्धा दिवा लावून बसायचे. तुम्ही कशाला तरी बेळगावला आला होता. चहा घेतलात, घरभर बघितलंत आणि म्हणालात, "कितीदा पुसशील गं त्योच ओटा? हिकडं ये गुंजीला. शेत बघ." मी म्हटलं, "आक्का, मला शेतातलं काय कळतंय?" तर तुम्ही म्हणालात, "मला तरी स्ट्रॉबेरीतलं कुठं कळतंय? दोघी मिळून चुकू की."

तुम्ही कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात ती रोपं बघून आला होता. घरामागचा भाताचा तुकडा हिवाळ्यात मोकळाच असायचा. भावजी हसले होते. गावात म्हणाले, ह्या बायका आता शोभेची झाडं लावणार. आपण लावली. पहिली फळं लाल झाली तेव्हा तुम्ही एक तोडलंत, पदराला पुसलंत आणि आधी मला दिलंत. आणि मेळाव्यातल्या त्या साहेबांना फोनवर म्हणालात, "जाऊ न्हवं हो, माझी भागीदार हाय ती." त्या शब्दानं मला पुन्हा माणसात आणलं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडं असं कोण बोलतं?

मग आपली भांडणं सुरू झाली. फळ ठेवायचं कसं, यावरून.

पहिल्या हंगामात तुम्ही क्रेटवर ओलं पोतं टाकायचात. "भाजी ओल्या पोत्याखाली ताजी ऱ्हाती, मग हेला काय झालं?" मी म्हणायचे, आक्का, हे कोथिंबीर नव्हे, ह्याला पाणी चालत नाही. तुम्ही ऐकेनात. शेवटी एक क्रेट तुमच्या पद्धतीनं आणि एक माझ्या, असं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पोतं उचललं तर कोपऱ्यातल्या एका फळावर करडी लव आली होती, कापसासारखी, आणि ती शेजारच्या फळांना लागली होती. तुम्ही पोतं झटकलंत, खुंटीला टांगलंत आणि म्हणालात, "बरं, हे तुझं." भांडण संपलं. हरल्यावर इतकं निवांत राहणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

दुसऱ्या भांडणात मी हरले. लांब पाठवायचं म्हणून मी देठाजवळ पांढरं असलेलं फळ तोडायला लावायचे. वाटेत लाल होईल, म्हणायचे. तुम्ही म्हणालात, "लाल व्हईल, गोड व्हईल का?" बघितलं तर खरंच. रंग चढला, चव होती तिथंच राहिली. झाडावर जेवढी साखर भरली तेवढीच. तेव्हापासून आपण पूर्ण लाल झालेलंच तोडू लागलो. पण असं फळ फार दम धरत नाही. सकाळी तोडलेलं दुपारी मऊ पडायचं. म्हणून ती थंड खोली.

खोली माझा हट्ट होता. घराच्या कडेला, आतून जाड थर्माकोल लावलेली, एक एसी आणि त्याला जास्त थंड करायला लावणारं छोटं यंत्र. उन्हं चढायच्या आत तोडा करायचा, फळातली शेताची ऊब निघून जाईपर्यंत आत ठेवायचं, धुवायचं नाही, उथळ क्रेट, एकावर एक दाबायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दार. दार उघडं राहिलं की बाहेरची गरम हवा आत शिरते, गार फळाला घाम सुटतो आणि एकदा घाम सुटला की बुरशीला आमंत्रण. मी त्या दारापाशी जमादारासारखी उभी असायचे. कुणी आत डोकावलं की माझ्या तोंडून निघायचं, "दार लावा, आत फळं आहेत." तुम्हाला सुद्धा किती वेळा म्हटलं असेन. तुम्ही प्रशांतचा शाळेतला निळा स्वेटर लुगड्यावर चढवून आत जायचात आणि बाहेर आल्यावर म्हणायचात, "फळं हाईत गं, माहीत हाय. म्याच ठेवल्यात."

तुम्हाला ती खोली मनापासून कधी आवडली नाही. तुम्ही म्हणायचात, तिथनं आलेल्या फळाला वास न्हाई. मी म्हणायचे, थोडा वेळ बाहेर ठेवा, येतो वास. तुम्ही म्हणायचात, येतोय, पण पयल्यासारखा न्हाई. यावर आपलं काही मिटलं नाही. त्या आठवड्यातही बोललो होतो फोनवर. तुम्ही म्हणालात, "तू आलीस की डोळं झाकून खाऊन बघ, मग सांग." मी म्हटलं, शनिवारी येते.

शनिवारच्या आधीच आले.

त्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारखा तोडा केलात. तोड्याला येणारी रेणुका बरोबर होती. क्रेट आत लावलेत, दार ओढून घेतलंत, चहा प्यायलात. छातीत जळजळतंय म्हणालात आणि आडव्या झालात. भावजींनी गाडी बोलावली, पण खानापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तुम्ही गेला होता. आम्ही बेळगावहून आलो तेव्हा तुम्हाला परत आणून पडवीत निजवलं होतं. मी तुमचे पाय धरले. नखांत माती होती.

मी रडले, आक्का. खूप रडले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की ही बाई रडली तरी असेल का.

प्रशांतचा फोन आला. रात्रीचं विमान मिळालं होतं, गोव्याला उतरून सकाळी गुंजीत पोचणार होता. भावजी एवढंच म्हणाले, "पोरगा आल्याबिगर न्हेणार न्हाई." कुणी त्यांना समजावायला गेलं नाही. मग तुम्हाला सकाळपर्यंत ठेवायचं कसं, हा प्रश्न आला. खानापुरातली थंड शवपेटी दुसऱ्या गावाला गेली होती. बेळगावहून मागवली तर यायला संध्याकाळ होणार होती, आणि तेही नक्की सांगता येत नव्हतं. ऊन तापलं होतं. पडवीत माणसं दाटलेली.

तेव्हा आपले चुलत सासरे, आप्पा, बोलले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते म्हणाले, "अरं, घरचीच थंड खोली हाय की. तिथं ठेवू या रातभर. तिचीच खोली हाय."

आणि मी म्हटलं, "आत फळं आहेत."

कुणी मला विचारलं नव्हतं. विचार करायला सुद्धा वेळ गेला नाही. दाराशी कुणी आलं की जसं तोंडातून निघायचं तसं निघालं, त्याच आवाजात. यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी ते सारवायला गेले. म्हटलं, "म्हणजे, संध्याकाळी गाडी यायची आहे. शहापूरची ऑर्डर आहे. फळाला दुसऱ्या कशाचा वास लागतो."

वास. हा शब्द मी वापरला. तुम्ही समोर होता.

भावजींनी मान वर केली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं बघत राहिले, जणू मी बोलले ती भाषा त्यांना येत नव्हती. मग म्हणाले, "बरं. तिथं न्हाई ठेवायचं."

मी उठले. "काढते, लगेच काढते," म्हणत पळत गेले. खोलीचं दार उघडलं आणि एकेक क्रेट उचलून गोठ्याच्या सावलीत नेऊन ठेवू लागले. रेणुका माझ्या मागं आली आणि तीही उचलू लागली. क्रेटमध्ये तुम्ही त्या सकाळी लावलेली फळं होती, देठ एका बाजूला, टोकं एका बाजूला, तुमच्या सवयीनं. बाहेरची गरम हवा लागली तसा त्यांना घाम सुटला. आधी बारीक, धुक्यासारखा, मग थेंब. मी पदरानं पुसायला लागले. रेणुका म्हणाली, "ताई, पुसू नगासा. आक्का म्हणायच्या, हात लावलं की आणि बिघडतंय." ते मला काय ठाऊक नव्हतं?

सगळं रिकामं करून मी पडवीत आले. भावजींपुढं उभी राहून म्हटलं, "भावजी, झाली खोली मोकळी. धुऊन घेते." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे सुनंदा. नको म्हटलं न्हवं."

मी हात जोडले. म्हटलं, "चुकलं माझं. ठेवू या आक्कांना तिथं."

"नको," ते म्हणाले. "आता तिथं तिला कोंबल्यागत व्हईल."

कुणीतरी खानापूरहून बर्फाच्या लाद्या आणल्या. भुश्यात गुंडाळून तुमच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. त्या वितळत होत्या आणि पाणी चटईखालून वाहत पायरीपर्यंत येत होतं. बायका फडक्यानं टिपत होत्या. मी पण टिपत होते. आणि भिंतीपलीकडं ती खोली चालूच होती. बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आत फळं नाहीत, तुम्ही नाही, नुसती रिकामी हवा गार होत होती आणि एसीचा आवाज पडवीत येत होता. माझ्या शेजारी बसलेली प्रत्येक बाई तो आवाज ऐकत होती. मला वाटत होतं उठून बटण दाबावं. पण त्या दाराकडं परत जायची हिंमत झाली नाही.

दिवेलागणीला पेटी आली. त्याच सुमारास शहापूरला माल नेणारी गाडीही आली. ड्रायव्हरनं दारातली माणसं बघितली, चप्पल काढून आत आला, तुम्हाला हात जोडले आणि रिकामी गाडी घेऊन गेला. ज्या ऑर्डरसाठी मी ते बोलले तिचं एक फळ सुद्धा गेलं नाही. घाम सुटलेलं फळ परत गारव्यात ठेवण्यात अर्थ नव्हता. ते गोठ्याच्या सावलीत तसंच राहिलं. सकाळी प्रशांत आला, आम्ही तुम्हाला पोचवलं, आणि त्यानंतर कधीतरी मी तिकडं गेले तर वरची फळं बसली होती, खालून रस गळत होता आणि माश्या घोंघावत होत्या. तुमच्या हातचा शेवटचा तोडा. रेणुकानं खड्डा काढला आणि आम्ही दोघींनी ती फळं त्यात लोटली. रेणुका खड्ड्यावर माती ओढताना रडत होती. मला रडता येईना. मला कशावर रडायचा हक्क आहे, हेच कळेना.

प्रशांतला कुणीतरी सांगितलं असणार. तो मला काही बोलला नाही. सुतकाच्या दिवसांत सगळ्यांची जेवणं झाली की माझ्याजवळ येऊन विचारायचा, "काकी, तुम्ही जेवलासा का?" लहानपणी तो मला 'अगं काकी' म्हणायचा. आता 'तुम्ही' म्हणतो. कदाचित मोठा झाला म्हणून म्हणत असेल. मी त्याला विचारलं नाही.

भावजींशी मात्र एकदा बोलले. पाहुणे कमी झाल्यावर त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि तिथंच बसले. म्हटलं, "भावजी, मी त्या दिवशी जे बोलले..." त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "सोड गं. तिनंबी हेच म्हटलं असतं. फळावर जीव होता तिचा. म्हटली असती, मला कशाला ठेवतायसा तिथं, माल खराब व्हईल."

आक्का, ते खरं आहे. तुम्ही तसंच म्हणाला असता, हसत. पण तुमच्याबद्दल ते तुम्ही म्हणायचं होतं. मी नाही. भावजींचा मोठेपणा मला कळतो, त्यांनी मला मोकळं केलं. पण ते मोकळं करतात तेव्हा मला जास्त बांधल्यासारखं होतं.

मी स्वतःला सांगून बघितलं की ती नुसती सवय होती. इतकी वर्षं त्या दारापाशी तेच म्हणत आले, त्या दिवशीही तेच आलं. पण ते पूर्ण खरं नाही, आणि तुमच्यापुढं अर्धं कशाला सांगू? त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं खरोखर क्रेट आले होते. तुम्ही पडवीत होता आणि मी मनात क्रेट कुठं हलवायचे ते बघत होते. तुम्ही ज्या बाईला खासबागेतल्या अंधारातून हाताला धरून बाहेर आणलं, ती बाई ही अशी.

शेतावर फळ लागतच होतं. झाडांना सुतक नसतं. भावजी म्हणाले, बंद करू नका, तिला आवडायचं न्हाई. म्हणून तोडा पुन्हा सुरू केला. पण एक वेगळीच गोष्ट झाली. शेजारच्या गावातल्या बायका शेतात यायला तयार होत्या, खोलीत जायला तयार होईनात. "तिथं ठेवलं हुतं न्हवं आक्कास्नी..." म्हणून दारातच थांबायच्या. आप्पा बोलले होते, दार उघडं दिसलं होतं, क्रेट बाहेर आलेले सगळ्यांनी बघितले होते. एवढ्यावर शेजारच्या गावानं गोष्ट पुरी करून टाकली होती. रेणुका एकटी आत जायची. मी जायचे. मला वाटलं, त्या गावापुरतं आहे, विसरतील.

काल मी स्वतः शहापूरला माल घेऊन गेले. विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी आपलं ते गिऱ्हाईक, ज्यूस आणि आइस्क्रीमचं दुकान. तुम्ही त्यांना अण्णा म्हणायचात. क्रेट फळीवर ठेवले. एरवी ते लगेच झाकण काढून वरचं एक तोंडात टाकतात. काल त्यांनी झाकणाला हात लावला नाही. आधी तुमची चौकशी केली, कसं झालं, काय झालं. मग इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले,

"ताई, एक विचारतो. राग मानू नगासा. आक्कास्नी त्या खोलीत ठेवलं हुतं म्हणं?"

मी म्हटलं, "नाही."

"तसं न्हवं, माझं काय न्हाई ओ. पण गिऱ्हाईकाच्या कानावर गेलं तर माझं दुकान बसंल. नक्की न्हाई न्हवं?"

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. क्रेट आमच्या दोघांच्या मधे होते. 'नाही' एवढ्यानं त्यांचं समाधान होत नव्हतं, त्यांना काहीतरी ठाम पाहिजे होतं. आणि माझ्याकडं ठाम असं एकच होतं.

मी म्हटलं, "सगळे म्हणत होते ठेवू या. मी ठेवू दिलं नाही. आत फळं होती, म्हणून मी नको म्हटलं."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. खुर्ची पुढं ओढली, मला बसायला सांगितलं, आतल्या माणसाला हाक मारून क्रेट उचलायला लावले. एकाचं झाकण काढून फळ तोंडात टाकलं, मान डोलावली.

"लई बरं केलासा, ताई," ते म्हणाले. "अशा टायमाला दुसरं कोण असतं तर गप्प बसलं असतं. तुम्ही हाईसा म्हणून आक्कांचं नाव ऱ्हाईल बगा."

आणि आक्का, मी त्यांना थँक्यू म्हटलं.